मोहन भार्गव परत आला, पुढे काय? – संशोधकाच्या नजरेतून 'स्वदेस'



मागच्या महिन्यात बारामतीच्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांशी गप्पा मारायला गेले होते. विषय होता रिसर्च प्रपोजल कसं लिहायचं. पण प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर तिसराच प्रश्न आला, "ताई, पीएचडीनंतर बाहेर जायचं का? आणि गेलो तर परत यायचं का?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "स्वदेस बघ, कळेल." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना एसटीत मात्र डोक्यात तेच चालू होतं. स्वदेस बघून खरंच कळतं का?

हा प्रश्न माझाही आहे. फेलोशिपवर दहा महिने जर्मनीत एका प्रयोगशाळेत काढून मी गेल्या वर्षी परत आले. आता थिसिसचं शेवटचं प्रकरण लिहितेय आणि पुढे काय हे ठरवायचं आहे. आई दर दोन दिवसांनी विचारते, "आता परत जायचं नाही ना?" म्हणून त्या आठवड्यात चित्रपट पुन्हा बघितला, पण या वेळी वही घेऊन. पेपर वाचताना आपण जे चार प्रश्न विचारतो तेच इथे विचारले. प्रश्न काय मांडलाय? पद्धत काय आहे? पुरावा पुरेसा आहे का? निष्कर्ष पुराव्यातून निघतो का?

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट डिसेंबर २००४ मध्ये आला. मोहन भार्गव नासात पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पाचा मॅनेजर आहे. लहानपणी सांभाळणाऱ्या कावेरी अम्मांना अमेरिकेला न्यायला तो उत्तर प्रदेशातल्या चरणपूर नावाच्या काल्पनिक गावात येतो, तिथे रमतो, ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो, अमेरिकेला परत जातो आणि शेवटी सगळं सोडून कायमचा येतो. हे चरणपूर बरंचसं आपल्या वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालंय. कृष्णेचा तो घाट तुम्ही पाहिला असेल.

आधी चांगलं काय ते

माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात भक्कम भाग वीज येते तो नाही. मोहन थकलेला खंड वसूल करायला हरिदासकडे जातो, तो आहे. हरिदास विणकर होता. धंदा चालेना म्हणून दुसऱ्याची शेती कसायला लागला, तर गावाने त्याचं पाणी तोडलं, कारण त्याने जातीचा धंदा सोडला. मोहन गेलेला असतो पैसे आणायला आणि येतो रिकाम्या हाताने. परतीच्या प्रवासात स्टेशनवर एक पोरगा मातीच्या भांड्यातून पाणी विकत असतो. आतापर्यंत फक्त बाटलीतलं पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो.

फील्डवर्क म्हणजे काय हे मला समजावून सांगायचं झालं तर मी हाच भाग दाखवीन. प्रश्नावली घेऊन तुम्ही एक गोष्ट मोजायला जाता आणि समोरचा माणूस तुमचा प्रश्नच बदलून टाकतो. इथे पाण्याचा प्रश्न पावसाचा नाही, जातीचा आणि मालकीचा आहे, हे मोहनला कुठल्याही उपग्रहातून दिसलं नसतं. चित्रपट इथे घाई करत नाही, भाषण देत नाही. म्हणूनच पुढच्या भागाकडून माझ्या अपेक्षा वाढल्या.

पहिली तक्रार: तो दिवा

मोहन डोंगरातलं पाणी साठवतो, पाइपने खाली सोडतो, टर्बाइन फिरतं, गावात उजेड होतो. आता आपण थोडं गणित करू. पाण्यापासून मिळणारी वीज दोन गोष्टींवर ठरते. पाणी किती उंचीवरून पडतं आणि दर सेकंदाला किती पडतं. समजा उंची १० मीटर आहे आणि यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के. तर एक किलोवॅट विजेसाठी दर सेकंदाला साधारण १७ लिटर पाणी लागेल. म्हणजे सेकंदाला एक भरलेली बादली. दिवसरात्र चालवलं तर २४ तासांत जवळजवळ पावणेपंधरा लाख लिटर. आणि हे एका किलोवॅटसाठी!

डोंगराळ भागात हे शक्य आहे. या चित्रपटाचा संबंध ज्यांच्या कामाशी जोडला जातो ते रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे जोडपं अमेरिकेतून परत आलेलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात धबधब्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा राहिला, त्यात त्यांच्या संस्थेचा वाटा होता आणि गावकऱ्यांचं श्रमदान होतं. २००३ मध्ये तिथे वीज आली.

पण हेच इंदापूर तालुक्यात करून बघा. आमच्याकडे सपाट माळ आहे, पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, ओढे पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर कोरडे. पाणी येतं ते नीरेच्या डाव्या कालव्याने. हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामुळे बारामतीकडे ऊस आला. इंदापूरच्या गावांना कालव्याचं शेवटचं टोक मिळालं. दुसरीकडे उजनीचं धरण आहे. त्याच्या काठावर राहूनही कोणाला किती पाणी उचलता येईल हा वाद कायमचा आहे. इथे परत येणाऱ्या मोहनला टर्बाइनचा काही उपयोग नाही. त्याला आवर्तनाचं वेळापत्रक वाचावं लागेल.

चित्रपटाने हे दाखवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण एका जागेचं उत्तर 'देशाचं' उत्तर म्हणून समोर येतं, तेव्हा आपण सावध व्हायला पाहिजे. पेपरमध्ये याला आपण मर्यादा म्हणतो आणि ती स्वतःहून लिहितो.

दुसरी तक्रार: उपग्रहाचं काय झालं?

ही माझी मुख्य तक्रार आहे, कारण माझं काम त्याच उपग्रहाच्या डेटावर चालतं.

मोहनचा 'ग्लोबल प्रेसिपिटेशन मेझरमेंट' प्रकल्प, म्हणजे जीपीएम, काल्पनिक नाही. चित्रपट आला तेव्हा नासा आणि जपानची अंतराळ संस्था त्याची आखणी करत होत्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावरून त्याचा मुख्य उपग्रह खरोखर सुटला. आज या उपग्रहाची आणि त्याच्या जोडीच्या इतर उपग्रहांची मोजमापं एकत्र करून दर अर्ध्या तासाचा पावसाचा नकाशा मिळतो. तो फुकट आहे. भिगवणच्या घरी बसून मी तो डाउनलोड करते.

चित्रपटात हा उपग्रह 'तिकडचा' आहे आणि गाव 'इकडचं'. मोहनला दोन्हीतलं एक निवडावं लागतं. मजा बघा, गावात एवढे दिवस राहून हा पाऊस मोजणारा माणूस एकाही शेतकऱ्याशी पावसाबद्दल धड बोलत नाही! त्याचं स्वतःचं शास्त्र गावात कुठेच वापरलं जात नाही.

प्रत्यक्षात ही भिंत नव्हतीच. इस्रो आणि फ्रान्सने मिळून २०११ मध्ये श्रीहरिकोट्याहून 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह सोडला. त्याची मोजमापं जीपीएमच्या जाळ्यात वापरली गेली. म्हणजे मोहनच्या प्रकल्पात भारताचा हिस्सा होताच. शेवटी मोहन इस्रोच्या केंद्रात काम करणार असं एक वाक्य चित्रपटात येतं, पण ते येतं आणि जातं. ते काम आपण बघत नाही.

आता हा डेटा आमच्या गावात काय करतो ते सांगते. नकाशातली एक चौकट ०.१ अंशाची असते, म्हणजे आपल्याकडे साधारण ११ किलोमीटर बाय साडेदहा किलोमीटर. एका चौकटीत कितीतरी गावं आणि वाड्यावस्त्या बसतात. आप्पांनी माझ्या सांगण्यावरून अंगणात पर्जन्यमापक लावलाय आणि रोज सकाळी आठ वाजता आकडा वहीत लिहितात. गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी उपग्रहाने आमच्या चौकटीत चांगला पाऊस दाखवला. आप्पांच्या वहीत शून्य. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या उपग्रहाला सांग, पाऊस वड्याच्या पलीकडं पडला. आमच्यात नुसता वारा आला."

दोघंही बरोबर होते. उपग्रहाने चौकटीची सरासरी सांगितली, आप्पांनी अंगणातला आकडा. पीक विमा, पेरणीचा सल्ला, टँकरचं नियोजन, यातलं कुठलंही काम चौकटीच्या आकड्यावर करायचं झालं तर मधली चूक किती आणि कुठल्या प्रकारच्या पावसात वाढते हे आधी माहीत पाहिजे. माझ्या थिसिसचं शेवटचं प्रकरण एवढंच आहे. त्यासाठी मला जर्मनीत शिकलेली पद्धत लागते आणि आप्पांची वहीही लागते. चित्रपट मला यातलं एकच ठेवायला सांगतो.

तिसरी तक्रार: शेवट फार लवकर होतो

मोहन परत येतो आणि गावात कुस्ती खेळतो. चित्रपट संपतो. तुम्ही म्हणाल, कुठेतरी संपायलाच हवं, तीन तासांहून मोठा चित्रपट आहे. मान्य. पण आपल्यासारखे प्रेक्षक त्यातून निष्कर्ष काढतात की अवघड होतं ते परत येणं. पुढचं आपोआप होतं.

बिलगावचं पुढे काय झालं? २००६ च्या पावसाळ्यात तो वीजप्रकल्प सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात गेला. खऱ्या गोष्टीला हा दुसरा भाग आहे.

दुसरं उदाहरण बारामतीपासून तासाभराच्या आतलं, फलटणचं. बनबिहारी निंबकर अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्यांची मुलगी नंदिनी आणि जावई अनिल राजवंशी, दोघंही फ्लोरिडा विद्यापीठाचे पीएचडी. राजवंशी १९८१ मध्ये फलटणला आले. तिथे करडईवर काम झालं, गोड ज्वारीपासून इथेनॉल, सौरऊर्जेवर त्याचं ऊर्ध्वपातन, इथेनॉलवर चालणारे कंदील आणि शेगड्या, विजेवर चालणारी रिक्षा असं बरंच काही झालं. जुळी कोकरं होण्याचा जनुक दख्खनी मेंढ्यांमध्ये आणण्याचं कामही तिथलंच, आणि त्याला मेंढ्यांच्या कित्येक पिढ्या लागल्या. इथेनॉलला अबकारीचे नियम लागतात, त्यामुळे चांगली शेगडी तयार झाली तरी ते इंधन रॉकेलसारखं गावोगाव वाटता येत नाही. असल्या अडचणी सिनेमात बसत नाहीत, पण परतलेल्या शास्त्रज्ञाची वर्षं त्यातच जातात.

यातली अजून एक गोष्ट सरळ सांगायला हवी. राजवंशी आले तेव्हा फलटणला संस्था आधीच उभी होती, घरचीच होती. जमीन, प्रयोगशाळा, माणसं होती. त्याने त्यांच्या कष्टाचं मोल कमी होत नाही. पण तुम्ही त्यांच्याकडे बघून निर्णय घेणार असाल तर हे गृहीतक नोंदवून ठेवा. मोहनकडे नासाच्या नोकरीतली बचत होती. आपल्याकडे काय आहे?

मग निर्णय कसा घ्यायचा?

स्वदेस बघाच. हरिदासचा प्रसंग दोनदा बघा. पण 'जाऊ की नको, येऊ की नको' हा प्रश्न त्याच्यावर सोडू नका, कारण तो प्रश्नच अर्धा आहे. त्याच्याऐवजी वहीत हे लिहून काढा.

एक, तुमचा संशोधनाचा प्रश्न कुठला आणि तो सोडवायला लागणारी माणसं, उपकरणं, डेटा आज कुठे आहे? कोरडवाहू पिकांवर काम करायचं असेल तर बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा ताण हाच तिचा विषय. आपल्याच मुलांना तिची माहिती नसते.

दोन, परत आल्यावर पहिली पाच वर्षं पगार आणि प्रयोगाचा खर्च कुठून येणार? परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी या फेलोशिप आहेत. त्यांचे नियम जायच्या आधी वाचा, परतायच्या वेळी नाही.

तीन, घरच्यांशी काय बोलणं झालंय? हे प्रपोजलमध्ये लिहीत नाहीत, पण निम्मे निर्णय इथेच ठरतात.

मी स्वतः हे तीन मुद्दे लिहून काढले. पहिल्याचं उत्तर निघालं, अजून दोन वर्षं बाहेर. रडारच्या मोजमापांचं जे काम मला शिकायचंय ते शिकवणारा गट सध्या तिकडे आहे. दुसऱ्याचं अर्धं उत्तर मिळालंय. तिसऱ्यासाठी परवा रात्री जेवताना आई-आप्पांसमोर विषय काढला. आई काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. आप्पांनी थोड्या वेळाने विचारलं, "मग वही मी कुठवर लिहायची?"

मी म्हटलं, लिहीत राहा. त्यांनी मान हलवली. आज सकाळी आठ वाजता त्यांचा मेसेज आला, शून्य मिलिमीटर.