मुक्तिफौज आणि तिचे दोन टीकाकार

कांहीं ग्रंथ एकेकटे वाचले असतां त्यांचा अर्थ अर्धाच लागतो. शेजारीं दुसरा ग्रंथ उघडून ठेवला म्हणजे उरलेला अर्धा प्रकट होतो. जनरल विल्यम बूथ यांचें १८९० सालचें 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट', बर्नार्ड शॉ यांचें १९०५ सालीं रंगभूमीवर आलेलें 'मेजर बार्बरा' हें नाटक, आणि जॉर्ज ऑर्वेल यांचें १९३३ सालीं प्रसिद्ध झालेलें 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' हीं पुस्तकें आम्ही त्या जातीचीं समजतों. तिहींत एक विषय समान आहे: ज्याला रात्रीं डोकें टेकावयास जागा नाहीं अशा मनुष्याकडे देवाचें नांव घेऊन जाणारा दुसरा मनुष्य. पहिलें पुस्तक जाणाऱ्याचें, दुसरें बाजूस उभें राहून पाहणाऱ्याचें, आणि तिसरें ज्याच्याकडे कोणी जातो त्याचें. आमच्या महाविद्यालयांतून शॉ शिकविला जातो, ऑर्वेल आवडीनें वाचला जातो. बूथ मात्र धर्मप्रचारक म्हणून कपाटांत राहतो. हें म्हणजे प्रतिवादीची कैफियत न वाचतां वादीच्या वकिलाचें भाषण ऐकून निकाल देण्यासारखें आहे.

बूथ यांनीं लंडनच्या पूर्वभागांत १८६५ सालीं जें मिशन सुरू केलें, त्यालाच १८७८ सालीं 'सॅल्व्हेशन आर्मी' हें नांव मिळालें. मराठी मनुष्यास ती 'मुक्तिफौज' या नांवानें परिचित आहे, व तो परिचय आजकालचा नव्हे. १८८२ सालीं फ्रेडरिक टकर नांवाचा गृहस्थ सनदी नोकरी सोडून, अंगांत देशी कपडे घालून व 'फकीरसिंग' असें नांव घेऊन मुंबईस उतरला. रस्त्यांतून वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल त्याच्यावर व त्याच्या सोबत्यांवर सरकारनेंच खटले भरले. साहेबानें साहेबाला देशी वेषांत पकडावें, या दृश्यानें त्या वेळच्या मुंबईकरांची चांगलीच करमणूक झाली असली पाहिजे.

असो. बूथ यांच्या ग्रंथाचें नांव त्याच वर्षीं गाजलेल्या स्टॅन्लेच्या आफ्रिकेवरील प्रवासवर्णनावरून घेतलेलें आहे. आफ्रिकेच्या अरण्यांतील अंधार पाहावयास दूर कशाला जातां, तुमच्या राजधानींतच तो आहे, हा त्यांतील टोला. ग्रंथ ऑक्टोबरांत बाहेर पडला. त्याच महिन्याच्या ४ तारखेस कॅथरिन बूथ निवर्तल्या होत्या. लेखनास डब्ल्यू. टी. स्टेड या वृत्तपत्रकाराचा हात लागलेला असल्यामुळें भाषेंत वर्तमानपत्री झणझणीतपणा आहे. इंग्लंडच्या लोकसंख्येचा एक दशांश, म्हणजे सुमारें तीस लाख माणसें, दारिद्र्यांत बुडालेलीं आहेत असा बूथ यांचा हिशेब; आणि त्यांच्यासाठीं ते मागतात काय, तर भाड्याच्या गाडीच्या घोड्याची सनद! लंडनच्या रस्त्यांत घोडा पडला तर तो स्वतःच्या चुकीनें पडला कीं दुसऱ्याच्या, याची चौकशी कोणी करीत बसत नाहीं. आधीं त्याला उभा करतात. आणि जिवंत आहे तोंवर त्याला चारा, तबेला आणि काम हीं मिळतात. माणसाला निदान इतकें तरी द्या. दयेचें इतकें कोरडें आणि म्हणूनच इतकें खंबीर समर्थन आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. यांत पुण्याचा लोभ नाहीं, अश्रु नाहींत, पात्रापात्रतेचा घोळ नाहीं.

परंतु आमच्या मतें ग्रंथांतील सर्वांत उत्कृष्ट पानें याहून वेगळीं आहेत. बूथ यांनीं आपला एक अधिकारी थेम्स नदीच्या कांठीं बांकांवर रात्र काढणाऱ्या लोकांकडे पाठविला, आणि त्यांनीं जें सांगितलें तें क्रमांक घालून जसेंच्या तसें छापलें. डार्टफर्डहून आलेला एक मिठाई करणारा दोन रात्री तेथेंच झोपला आहे; दुसऱ्याचा धंदा दुसरा. कोणी रडत नाहीं, कोणी पापाची कबुली देत नाहीं. येथें सेनापति मुळींच बोलत नाहीं, हेंच त्या पानांचें बळ. पुढें जेव्हां तो बोलूं लागतो, शहरांतील वसाहत, शेतावरील वसाहत, समुद्रापलीकडील वसाहत अशा योजना मांडूं लागतो, तेव्हां आपण कवाइतीच्या मैदानावर आलों असें वाटतें. प्रो. हक्सले यांनीं 'टाइम्स' पत्रांतून या योजनांवर जो हल्ला चढविला, त्यांतील एकतंत्री कारभाराविषयींचा आक्षेप सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं.

आतां शॉ. 'मेजर बार्बरा'चा दुसरा अंक वेस्ट हॅममधील मुक्तिफौजेच्या आश्रयस्थानांत घडतो. तेथें स्नॉबी प्राइस हा लबाड मनुष्य आपण आईला मारीत होतों अशी कबुली देऊन सभा गाजवितो, वास्तविक मार खात होता तो स्वतःच. आणि रमी मिचेन्स ही भली बाई आपण पूर्वीं किती वाईट होतों याच्या गोष्टी रचते, कारण उद्धार करावयास आलेल्यांना उद्धाराजोगें कांहीं तरी सांपडलें पाहिजे. उलट पीटर शर्ली हा प्रामाणिक कारागीर केस पिकले म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षीं कामावरून काढलेला; त्याच्या गळ्याखालीं तो फुकटचा पाव उतरत नाहीं. या तीन पात्रांत शॉ यांनीं अन्नछत्राचें सगळें अर्थशास्त्र सांगून टाकलें आहे: जेथें पश्चात्तापाबद्दल पाव मिळतो, तेथें पश्चात्तापाचें उत्पादन वाढतें.

दुर्दैवानें नाटककाराला एवढ्यावर थांबावयाचें नव्हतें. दारूवाला बॉजर आणि तोफांचा कारखानदार अंडरशाफ्ट यांच्या प्रत्येकीं पांच हजार पौंडांवरून तो जो प्रसंग उभा करतो, तो रंगभूमीवर प्रभावी खरा. बार्बरा आपलें पदक काढून बापाच्या कोटाला लावते, तेव्हां प्रेक्षागृह स्तब्ध होतें. तथापि हा प्रश्न, पैसा कोणाच्या हातून आला हा, आश्रयास आलेल्या मनुष्याचा प्रश्नच नव्हे. तो देणाऱ्याच्या सोवळेपणाचा प्रश्न आहे. प्रस्तावनेंत शॉ स्वतःच सांगतात कीं, डाग नसलेला पैसा जगांत कोठेंच नाहीं, आणि तो नाकारून फौजेनें कांहीं साधलें नसतें. मग दोन अंकांची उभारणी त्या डागावर कां? हुशार माणसें पुष्कळदां ज्या प्रश्नाचें उत्तर त्यांना ठाऊक असतें तोच विचारतात.

खरा प्रश्न विचारला तो ऑर्वेल यांनीं. बिहारमधील मोतीहारीस जन्मलेला व ब्रह्मदेशांत पोलिस अधिकारी म्हणून पांच वर्षें काढलेला हा मनुष्य फाटके कपडे घालून लंडनच्या भटक्यांत मिसळला. एका पत्र्याच्या प्रार्थनागृहांत त्याला चहा आणि गोड पाव मिळाला, आणि त्यानंतर गुडघे टेकून प्रार्थना करावी लागली. देणाऱ्या बाईंचा हेतु चांगला होता, अपमान करावा असें त्यांच्या मनांत नव्हतें; कृतज्ञ असावयास हवें होतें, परंतु कोणीहि कृतज्ञ नव्हतें, असें तो सरळ लिहितो. पुढें किंग्ज क्रॉसजवळच्या एका देवळांत तर मुरंब्याच्या बरण्यांतून चहा घेतलेले शंभरेक भटके वरच्या सज्ज्यांत बसून खालीं चाललेल्या उपासनेची उघड टवाळी करतात. ऑर्वेल त्यांना दोष देत नाहीं. खाऊं घालून ज्यांनीं आपल्याला लहान केलें, त्यांचा हा सूड आहे, असें तो म्हणतो. बोझो नांवाचा, फरसबंदीवर चित्रें काढणारा त्याचा लंगडा मित्र दानाचा पैसा खुशाल घेई. मात्र पावासाठीं भजन म्हणणें त्याच्या गळ्यांत अडके.

मुक्तिफौजेच्या आश्रयस्थानांवर ऑर्वेल यांचा अभिप्राय कडक आहे. तीं स्वच्छ असतात हें तो मान्य करतो; परंतु तेथें भाडें भरून राहणाऱ्यालाहि दानाचा वास सोसावा लागतो, पत्ते खेळणें पाप ठरतें, आणि कांहीं ठिकाणीं उपासनेला न बसणाऱ्यास जागा सोडावी लागते. आम्हांला हा आक्षेप शॉ यांच्या आक्षेपाहून फार खोल वाटतो. दाम मोजून बिछाना घेणाऱ्याकडूनहि आभाराची अपेक्षा करणें, ही देणाऱ्याची एक जुनाट व्याधि आहे.

येथवर येऊन बहुतेक वाचक असा निष्कर्ष काढतात कीं, दोष श्रद्धेचा. श्रद्धा वजा करा म्हणजे दान निर्मळ होईल. ऑर्वेल यांचें पुस्तक नीट वाचणाऱ्यास हें पटणार नाहीं. त्यांत सर्वांत भयंकर जागा कोणती? चहापावाचें प्रार्थनागृह नव्हे, फौजेचें वसतिगृहहि नव्हे. तर सार्वजनिक खर्चानें चालणारे ते रात्रनिवारे, ज्यांना भटके 'स्पाइक' म्हणत. तेथें कोणी प्रार्थना करावयास लावीत नाहीं. कोंडून ठेवतात, आणि सकाळीं बाहेर काढतात; महिन्याभरांत त्याच ठिकाणीं पुन्हां आला तर शिक्षा. म्हणून निराश्रित मनुष्य आयुष्यभर एका निवाऱ्याकडून दुसऱ्याकडे चालत राहतो. देव तेथें नाहींच, माणूसहि नाहीं. आणि उलट बाजूला, पुस्तकांतील एकमेव दाता, ज्याच्याविषयीं भटके चांगलें बोलतात, तो कोण? चॅरिंग क्रॉसजवळ नदीकांठीं जेवणाचीं तिकिटें वांटणारा एक तरुण धर्मोपदेशक. तो लाजतो, घाईनें तिकिटें हातांत देतो, आभार ऐकावयास थांबत नाहीं. याला कधीं बिशपची जागा मिळावयाची नाहीं, असें एक भटका म्हणतो, आणि ही त्याची सर्वांत मोठी प्रशंसा ठरते. श्रद्धा त्याच्याजवळहि होतीच. फक्त तिची पावती त्यानें मागितली नाहीं.

हा वाद आमच्या प्रांतांतहि होऊन गेला आहे. १८९३ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून पुण्यांत जें वादळ उठलें, त्यांत धर्मांतराची शंका आल्यावर रानडे व भांडारकर यांच्यासारख्यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. शंका गैर होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या वेळीं 'किती किंमत घेतां?' असें विचारणारे जितके निघाले, तितके स्वतःचें दार उघडणारे निघाले नाहींत. आमच्यांत पुढें गाडगे महाराज (१८७६–१९५६) झाले. ते स्वतःच बेघर, अंगावर चिंध्या आणि हातांत गाडगें. त्यांनीं श्रीमंतांचा पैसा घेऊन पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें धर्मशाळा उभ्या केल्या; पैशाच्या डागाचा विचार करीत बसले नाहींत. उपदेशाचीहि त्यांना मनस्वी आवड. पण कीर्तन त्यांनीं वाळवंटांत केलें, आणि छप्पर वेगळें बांधलें. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. शॉ यांना हा मनुष्य भेटावयास हवा होता.

ऑर्वेल यांच्या शेवटच्या प्रकरणांपैकीं एकांत एक सूचना आहे, तिच्याकडे टीकाकारांचें लक्ष फारसें जात नाहीं. भटक्यांना नुसतें हिंडवीत ठेवण्यापेक्षां प्रत्येक निवाऱ्यानें लहानसें शेत किंवा भाजीचा मळा चालवावा, त्यांना तेथें काम द्यावें, आणि त्यांतूनच त्यांचें पोट भरावें. वाचतां वाचतां आम्ही थबकलों. कारण ही तर सेनापति बूथ यांची शेतावरील वसाहत! ती १८९१ सालीं एसेक्स परगण्यांतील हॅडली येथें प्रत्यक्ष सुरूहि झाली होती. फौजेच्या नांवानें नाक मुरडणारा हा नास्तिक बेचाळीस वर्षांनीं तिच्याच कुंपणाशीं येऊन उभा राहतो. ज्यानें घोड्याला चारा, तबेला आणि काम मागितलें, त्याच्याशीं याचें मुळांत भांडण नव्हतेंच. भांडण होतें तें तबेल्याच्या दारावर लावलेल्या स्तोत्राशीं.

आणि बार्बरा? तिसऱ्या अंकांत ती बापाच्या कारखान्याच्या गांवीं जाते आणि उत्साहानें सांगते कीं, आतां आपण भाकरीची लांच न देतां, पोटें भरलेल्या माणसांचे आत्मे जिंकणार. पीटर शर्लीला तेथें द्वारपालाची नोकरीहि मिळते. आदर्श म्हणून हें उत्तम आहे. परंतु ज्यांचें पोट भरलेलें नाहीं ते वेस्ट हॅमच्या आवारांत तसेच बसलेले आहेत, हिवाळा आहे, आणि शॉ आम्हांला तेथें पुन्हां नेत नाहींत. रमी मिचेन्स त्या अंकांत रंगभूमीवर येतच नाहीं.