कुरणाच्या कोपऱ्यातला क्रूस

वेरेथ हे बेल्जियमच्या पूर्व सरहद्दीजवळचं खेडं. 1944 साली तिथं अवघी नऊ घरं होती. गावाबाहेर गुरं चारायचं एक कुरण आहे आणि त्या कुरणाच्या कोपऱ्यात एक लहानसा दगडी क्रूस उभा आहे. मी तिथं गेलेलो नाही. छायाचित्रांतूनच तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि दर वेळी त्याचा साधेपणा मनाला अधिक भिडला आहे. युद्धस्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच चौथरा येतो, तोफा येतात, घोड्यावरचा सेनापती येतो. इथं मान वर करावी लागत नाही. अकरा नावं आहेत आणि भोवती गवत आहे.

ही नावं अमेरिकी सैन्याच्या 333व्या फील्ड आर्टिलरी बटालियनमधल्या कृष्णवर्णीय जवानांची. त्या काळी अमेरिकी सैन्यात गोरे आणि काळे वेगवेगळ्या तुकड्यांत असत. बहुतेक काळ्या जवानांच्या वाट्याला गाड्या हाकणं, माल उतरवणं अशी कामं येत. ही बटालियन मात्र 155 मिलिमीटरच्या हॉवित्झर तोफा चालवणारी होती आणि नॉर्मंडीपासून लढत इथवर आली होती. 16 डिसेंबर 1944 रोजी जर्मनांनी आर्देनच्या जंगलातून अचानक मोठा हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी शोनबेर्गजवळ बटालियनची फाटाफूट झाली. बरेच जण पकडले गेले. अकरा जण निसटले. अकरा जणांत मिळून दोनच रायफली. बर्फातून चालत चालत ते दुपारी वेरेथला पोहोचले.

गावातल्या मातियास लांगर यांनी त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं. या एका कृतीचं मोल कळायला तो मुलूख समजून घ्यावा लागतो. हा भाग 1920 पर्यंत जर्मनीत होता आणि 1940 मध्ये हिटलरनं तो पुन्हा जर्मनीला जोडला. भाषा जर्मन. गावातले तरुण जर्मन सैन्यात नेलेले. शेजारच्या घरात कोण कोणाच्या बाजूचं, याचा भरवसा नाही. अशा गावात परदेशी शिपायांना आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवणं म्हणजे सगळ्या कुटुंबाचा जीव पणाला लावणं होतं. आणि या शिपायांतले बरेच जण ज्या प्रांतांतून आले होते, तिथल्या उपाहारगृहांत गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवण्याची त्यांना मुभा नव्हती. लांगरांच्या घरातलं ते जेवण मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

खबर फुटलीच. थोड्याच वेळात एसएसचे सैनिक गाडी घेऊन दाराशी आले. जवानांनी प्रतिकार केला नाही, निमूट बाहेर आले. लांगर कुटुंबावर आपल्यामुळे संकट येऊ नये, हाच त्यामागचा विचार असावा असं मानलं जातं. त्यांना थंडीत जमिनीवर बसवून ठेवलं आणि अंधार पडल्यावर कुरणाकडे पळवत नेलं. मग गोळ्यांचे आवाज आले. सकाळी गावकऱ्यांना प्रेतं दिसली, पण जर्मन परततील या धास्तीनं कुणी पुढे झालं नाही. वरून बर्फ पडत राहिलं. फेब्रुवारी 1945 च्या सुमाराला गावकऱ्यांनी अमेरिकी तुकडीला तिथं नेलं. लष्करी डॉक्टरच्या अहवालात मोडलेले पाय आहेत, डोक्यावरच्या संगिनीच्या जखमा आहेत, तोडलेली बोटं आहेत. आणि एक तपशील असा आहे की तो वाचल्यावर पुढची ओळ वाचवत नाही: एक जण सोबत्याच्या जखमेला पट्टी बांधता बांधताच मारला गेला होता.

त्याच दिवशी, 17 डिसेंबरला, थोड्या अंतरावर माल्मेदीजवळ 84 अमेरिकी कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्याकांडाचा खटला दाखाऊला चालला, 73 आरोपी दोषी ठरले, जगभर बातमी झाली. वेरेथची चौकशी मात्र 1947 मध्ये पुराव्याअभावी बंद झाली. मारेकरी कोण, हे कधीच निश्चित झालं नाही. 1949 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीनं या लढाईतल्या कैदी-हत्यांची नोंद केली, त्यात वेरेथ नव्हतं.

हे सगळं कळल्यावर पुन्हा त्या क्रुसाकडे पाहावं. 1994 साली तो उभारला हेर्मान लांगर यांनी. हेर्मान म्हणजे मातियास यांचा मुलगा. ते जवान घरात आले तेव्हा तो लहान होता. कोणत्या सरकारनं सांगितलं नव्हतं, समारंभ नव्हता. मधे पन्नास वर्षं गेली होती. आपल्या घरी जेवलेल्या माणसांसाठी एका घरानं केलेलं हे काम आहे, आणि म्हणूनच ते मला एखाद्या श्राद्धाच्या जवळचं वाटतं. जागाही पाहा. चर्चच्या आवारात किंवा हमरस्त्यावर तो क्रूस जास्त लोकांना दिसला असता. तो जिथं माणसं पडली तिथंच आहे. त्यामुळे कुरण हाच त्या स्मारकाचा अर्धा मजकूर झाला आहे.

उरलेला अर्धा म्हणजे नावं. सावकाश वाचावीत. कर्टिस अ‍ॅडम्स, मेजर ब्रॅडली, जॉर्ज डेव्हिस, थॉमस फोर्ट, रॉबर्ट ग्रीन, जिम लेदरवुड, नॅथॅनियल मॉस, जॉर्ज मॉटन, विल्यम प्रिचेट, जेम्स स्टुअर्ट, ड्यू टर्नर. यांतला ब्रॅडलीचा ‘मेजर’ हा हुद्दा नाही, आईबापांनी ठेवलेलं नाव आहे. अ‍ॅडम्स साउथ कॅरोलायनाचा, जखमींची शुश्रूषा करणारा. फोर्ट मुदपाकखान्याचा सार्जंट. स्टुअर्ट वेस्ट व्हर्जिनियातल्या पीडमाँट या छोट्या गावचा, बेसबॉल खेळणारा. एवढं कळलं तरी यादीतून माणसं उठून उभी राहतात.

आपल्याकडे सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. फक्त आकडे. अशा पाटीसमोर उभं राहिलं की कोण गेलं, हे विचारायला दगडात जागाच सापडत नाही. वेरेथच्या क्रुसाचं मोठेपण मला अशा पाट्यांमुळे नेमकं कळलं.

पुढे बेल्जियममधल्याच काही नागरिकांनी पुढाकार घेतला, जागा नीट केली आणि 2004 मध्ये तिथं रीतसर स्मारक झालं. ते या अकरांसोबत युरोपात लढलेल्या सर्व कृष्णवर्णीय अमेरिकी जवानांना अर्पण केलेलं आहे. आता रस्त्यावर दिशा दाखवणाऱ्या पाट्या आहेत. हे व्हायलाच हवं होतं, कारण एका कुटुंबाच्या आठवणीवर एवढा भार कायमचा टाकता येत नाही. तरी माझी नजर प्रत्येक छायाचित्रात आधी तो जुना क्रूसच शोधते. नव्या बांधणीत तो हलवला नाही, झाकला नाही, यात करणाऱ्यांची समज दिसते.

अमेरिकी सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला 26 जुलै 1948 रोजी, म्हणजे या अकरा जणांच्या मृत्यूनंतर साडेतीन वर्षांनी. त्यांतल्या चौघांचे देह त्यांच्या घरच्यांकडे अमेरिकेला गेले. सात जण बेल्जियममध्येच, आँरी-शापेलच्या अमेरिकी दफनभूमीत, गोऱ्या सैनिकांच्या रांगेत पांढऱ्या संगमरवरी क्रुसांखाली आहेत.