विष्णुभटजींबरोबर काशीला

काशीला मी पहिल्यांदा निघालो तो वयाच्या आठव्या वर्षी. पायांत थोरल्या भावाच्या वहाणा, डोक्यावर पागोटं, हातात छत्री. सोडमुंजीचा थाट होता तो. बटूनं काशीला निघायचं आणि मामानं 'जाऊ नकोस, माझी मुलगी देतो' असं म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरवायचं, अशी रीत. आमच्या मामांना मुलगी नव्हती. त्यांनी दोन रुपये देऊ केले आणि मी परत फिरलो. पुढे जन्मभर माझी काशी अशीच कशा ना कशापायी उंबऱ्याशी अडत राहिली. 'काशीस जावे, नित्य वदावे' असं आपल्याकडे म्हणतातच. त्यातल्या वदण्यात मी कधी कमी पडलो नाही. आईला तर वीस वर्षं वदत होतो, "यंदा थंडीत नक्की!"

शेवटी गेलो तो एकटाच. आईचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे कधीचे रुसलेले. "तू जाऊन ये," म्हणाली, "येताना तेवढी गंगा आण."

निघण्यापूर्वी मी काशीवरची मिळतील तेवढी मराठी प्रवासवर्णनं वाचून काढली. त्यांच्या लेखकांत दोन जाती आहेत, एक भाविक आणि दुसरी वैतागी. भाविक लेखकाला गल्लीतला बैलसुद्धा नंदी दिसतो. वैतागी लेखकाला देवळातला नंदीसुद्धा वाट अडवून बसलेला बैल वाटतो. पहिल्याला पंड्यात पूर्वजांचा दुवा सापडतो, दुसऱ्याला दरोडेखोर. पण शेवटच्या प्रकरणात दोघंही पहाटे होडीत बसतात, पलीकडच्या वाळवंटावर तांबडं फुटतं आणि दोघांनाही एकदम शब्द अपुरे पडतात. तोवर दोनशे पानं झालेली असतात, ही गोष्ट निराळी.

काशीला गेलं की आवडती वस्तू सोडायची असते. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी पडवळ सोडलंय. माझी या लेखकांना विनंती आहे की त्यांनी काशीत विशेषणं सोडावीत, आणि तीही पडवळातली नव्हे, खरोखर आवडती!

या ढिगातून मी बरोबर नेलं ते एकच पुस्तक. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. ते काही काशीचं पुस्तक नव्हे, झाशीचं म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. पण मला विचाराल तर काशीला जाणाऱ्यानं वाचावं असं हेच. पहिलं कारण असं की हा माणूस घरातून का निघाला ते सरळ सांगतो. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कानावर आलं आणि 1857 साली काकांना घेऊन भटजी उत्तरेकडे निघाले. 'आत्म्याची हाक' वगैरे भानगड नाही. निघाले दक्षिणेला आणि सापडले बंडात. 1858 साली झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहरात. जमवलेली दक्षिणा तिथे लुटली गेली, जीव मात्र वाचला.

दुसरं कारण विशेषणांचं. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना झाशीची राणी भेटते. धुळीनं माखलेली, तहानलेली. आमच्यासारख्याच्या हाती हा प्रसंग लागता तर पाच पानं वीररसात भिजली असती. भटजी पोहरा, पाणी आणि दोन वाक्यांचं बोलणं सांगून मोकळे होतात, आणि वाचणाऱ्याच्याच घशाला कोरड पडते.

आता दोष. समीक्षेला दोष लागतोच, नाहीतर जाहिरात होते. भटजींनी पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच ताटात वाढलंय, आणि तेही पंचवीसेक वर्षांनी आठवून. त्यामुळे अफवासुद्धा डोळ्यांदेखत घडल्यासारखी येते. पुस्तक निघालं 1907 साली, त्यांच्या पश्चात. संपादक चिंतामणराव वैद्यांनी त्यावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. ती वाचावी. भटजींचा स्वतःचा आवाज तीत जास्त ऐकू येतो.

तर हे पुस्तक काखेत मारून मी दशाश्वमेधावर उतरलो. समोर गंगा. इथे ती चक्क उत्तरेकडे वाहते, माहेरी निघाल्यासारखी. घाटांची नावं वाचत चालावं तर भोसले, अहिल्याबाई, शिंदे. शिंदे घाटापाशी रत्नेश्वराचं देऊळ मागे कललेलं आहे, पेन्शनीत निघालेला माणूस आरामखुर्चीत कलतो तसं. विश्वनाथाचं देऊळ 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधलेलं. त्याच्या भोवतीची गल्लीबोळं पाडून 2021 च्या डिसेंबरात प्रशस्त वाट उघडली. वैतागी लेखकाचं एक आख्खं प्रकरण गेलं. भाविकाचं शिल्लक आहे.

एका नावाड्याशी मी भावावरून हुज्जत घालत होतो. 'तीर्थाच्या जागी काय हा बाजार!' हे वाक्य जिभेवर आलंच होतं, पण काखेतलं पुस्तक टोचलं. विष्णुभटजी स्वतः दक्षिणेवर जगणारे. तीर्थ हा कुणाचा तरी पोटाचा धंदा असतो, याची त्यांना लाज नव्हती आणि अचंबाही नव्हता. मी मुकाट्यानं होडीत बसलो. तांबडं फुटलं. शब्द अपुरे पडले की नाही ते सांगत नाही.

तिसरं कारण मला घरी आल्यावर कळलं. काशीत घाटावर गंगेसाठी प्लॅस्टिकचे कॅन मिळतात. मी दोन लिटरचा घेतला, भरला आणि बॅगेत ठेवला, पुस्तकाशेजारी. गाडीत झाकण सैल झालं. घरी बॅग उघडली तेव्हा अर्धी गंगा कपड्यांना आणि विष्णुभटजींना मिळाली होती.

पानं पंख्याखाली वाळवली. आईची नजर आता अक्षरांवर ठरत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तिला चार चार पानं वाचून दाखवू लागलो. शेवटाकडे भटजी परततात. दक्षिणा गेलेली, बरोबर काय, तर गंगेची कावड. त्या पाण्यानं ते आईवडिलांना स्नान घालतात. कर्ज फेडायला निघालेला मुलगा हेच काय ते घेऊन येतो, आणि पुस्तकाचा सगळा जमाखर्च इथे जुळतो. बाकीची प्रवासवर्णनं मला पोकळ का वाटली ते तेव्हा उमगलं. त्यांतल्या कुणाचीच घरी कुणी वाट पाहत नव्हतं.

"एवढ्या लांबून कावड आणली होय रे त्यानं?" आईनं विचारलं.

"हो."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझी पण आली की. अर्धी तर आली."

माझ्या प्रतीची पानं भिजून फुगलीत. ती आता कपाटात बसत नाही. आईच्या उशाशीच असते.