शब्द, प्रत्यक्ष आणि पडद्यावरचं पिस्तूल

मित्रहो, गेल्या वेळी आपण प्रमाणांचा विचार केला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं, 'सर, याचा सिनेमाशी काय संबंध?' आज तोच संबंध बघू, पिस्तुलाच्या निमित्तानं.

दिवाळीत आमच्या नातवानं टिकल्यांचं पिस्तूल थेट आमच्या कपाळावर रोखलं. बोट आधीच चापावर. (हशा) आम्हीही हसलो. पण हे त्याला घरात कुणी शिकवलं नव्हतं. हा धडा पडद्याचा. खऱ्या शस्त्राचा पहिला नियम नेमका उलटा आहे: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. बोट चापाबाहेर, नळी माणसापासून दूर. 'रिकामी आहे' असं दुसऱ्यानं सांगितलं तरी स्वतः उघडून बघा. नैयायिकांच्या भाषेत, इथं आप्तवाक्य पुरत नाही, प्रत्यक्षच लागतं.

हे पोथीतलं नाही. 21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेत, न्यू मेक्सिकोमध्ये, 'रस्ट' चित्रपटाच्या सेटवर तालीम चालू होती. अभिनेते ॲलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. शस्त्र देताना ते 'कोल्ड', म्हणजे निर्धोक, असल्याचं पुकारलं गेलं, अशी पोलिसांच्या कागदपत्रांत नोंद आहे. डमी काडतूस कानाजवळ हलवलं तर पुष्कळदा आतला छर्रा वाजतो. एवढी साधी परीक्षा! पण त्या दिवशी शब्दावर भागलं. 2024 मध्ये शस्त्रं सांभाळणाऱ्या बाईंना शिक्षा झाली, बाल्डविन यांच्यावरचा खटला न्यायालयानं रद्द केला. कायद्याचं झालं. आमचा प्रश्न कलेचा आहे.

पडद्यावर तरी उघडून कोण बघतं? नायक पाच मिनिटं पिस्तूल रोखून बोलतो आणि मग दरारा बसावा म्हणून वरचा भाग खटकन मागे ओढतो. म्हणजे काय, तोवर नळीत गोळीच नव्हती! (हशा) आवाज छान येतो, पण तो माणूस पाच मिनिटं मूर्ख ठरतो, हे लेखकाच्या ध्यानात येत नाही.

दिग्दर्शक म्हणतील, 'सुरक्षेचे नियम पाळत बसलो तर नाट्य मरेल.' आम्हाला हे पटत नाही. 'शोले' आठवा. गब्बर तीन गोळ्या उडवतो, उरलेल्या तीन आत ठेवून चक्र फिरवतो. आता कोणत्या घरात गोळी आहे हे त्यालाही ठाऊक नाही. त्या प्रसंगाचा सगळा थरार या न ठाऊक असण्यातच आहे. म्हणजे 'भरलेली आहे की रिकामी' या प्रश्नात नाट्य ठासून भरलेलं आहे. आमचे लेखक ते वापरत नाहीत, इतकंच. कुणी पिस्तूल हातात देतं. एक पात्र ते उघडून बघतं, दुसरं तसंच खोचतं. दोन सेकंदांत दोन स्वभाव उभे राहतात, एकही संवाद न लिहिता.

उलट टोकाला 'पल्प फिक्शन', 1994. गाडीत व्हिन्सेंट पिस्तूल हातात धरून मागे वळतो, गप्पा मारता मारता बार उडतो आणि मार्विन मरतो. वर सबब काय, तर गाडीला धक्का बसला असेल! पूर्वी आम्ही या प्रसंगाला बेजबाबदार म्हणत असू. आता मत बदललं आहे. अपघात असाच होतो: वैर नाही, हेतू नाही, फक्त नळीची दिशा चुकलेली. इथवर दिग्दर्शक टॅरंटिनो प्रामाणिक आहेत. खोट आहे ती पुढे. त्यानंतर सगळी चिंता गाडी धुण्याची. मार्विनला कुणी विचारत नाही, आणि आपणही हसत हसत त्याला विसरतो. आमचा आक्षेप गोळी दाखवण्याला नाही, गोळी लागलेला माणूस गाळण्याला आहे.

म्हणून आम्ही कात्री मागत नाही. सिगारेटसारखी खाली पाटीही नको. पाटी हासुद्धा शब्दच. मागणं दोनच गोष्टींचं आहे. ज्याच्या हातात शस्त्र आहे तो ते बघताना दिसू द्या. आणि सुटलेली गोळी कुठं पोचली, तिथवर कॅमेरा जाऊ द्या. एवढं झालं तर आमच्या नातवाचं बोट कदाचित चापाबाहेर राहील.

आता तुमचे प्रश्न.