उशिरा आलेली दुसरी मुलाखत: लक्षण चांगलं की वाईट?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. ताईचा मुलगा तिथे शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. त्याने एका नामांकित कॉलेजला अर्ज केला होता. जानेवारीत त्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याने त्याची मुलाखत घेतली होती. आता दुसऱ्याच एका माजी विद्यार्थिनीचा ईमेल आला होता, की तुझ्याशी पुन्हा एकदा बोलायचं आहे. निकाल तीन आठवड्यांवर आला होता. ताईचा प्रश्न एवढाच: "अगं, हे चांगलं लक्षण की वाईट? तू रिसर्च करतेस ना, तूच सांग."

मी सांगितलं, चांगलं. रस नसता तर एवढ्या उशिरा कोण कशाला वेळ घालवेल? त्या भरवशावर भाच्याने राज्य विद्यापीठाच्या एका शिष्यवृत्तीचा निबंध लिहायचा राहू दिला आणि तिची मुदत गेली. मार्चअखेर कॉलेजचा नकार आला. ताई मला एका शब्दानेही बोलली नाही. पण मी ज्या खात्रीने बोलले होते, तशा खात्रीने कुणी माझ्यासमोर सेमिनारमध्ये बोललं असतं तर मी त्याला तिथेच अडवलं असतं. म्हणून हा लेख.

एक ईमेल, अनेक कारणं

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेतली बरीच निवडक कॉलेजं अर्जदाराच्या शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडून मुलाखत घेतात. हे लोक स्वयंसेवक असतात. ते तासभर बोलतात आणि एक अहवाल पाठवतात. निर्णय प्रवेश कार्यालयाची समिती घेते. मग दुसरी मुलाखत कशासाठी? पहिला अहवाल आलाच नसेल. आला पण दोन ओळींचा असेल. समितीत मतभेद असतील. डिसेंबरात निर्णय पुढे ढकललेला अर्ज असेल आणि नवी माहिती हवी असेल. किंवा स्वयंसेवकांच्या यादीत नुसता घोळ झाला असेल. अर्जदाराला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त ईमेल दिसतो. इतक्या वेगवेगळ्या कारणांमधून एकच निरीक्षण येत असेल, तर त्या निरीक्षणावरून उलट दिशेने कारण ओळखता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आकडे तर असतील! आहेत, पण ते कसे वाचायचे ते बघा. एमआयटीने एका वर्षी आपल्या संकेतस्थळावर सांगितलं होतं की ज्यांची मुलाखत झाली किंवा ज्यांना ती माफ केली गेली, त्यांच्यातल्या १०.८ टक्क्यांना प्रवेश मिळाला. संधी असूनही ज्यांनी ती दिली नाही त्यांच्यातल्या फक्त १ टक्क्याला. पालक हे वाचून म्हणतात, मुलाखतीने शक्यता दहापट वाढते. पण संधी असूनही मुलाखत न देणारी मुलं कोण असतील? ज्यांना एमआयटी फारसं नकोच होतं, ज्यांनी अर्ज अर्ध्या मनाने भरला, ती मुलं त्यात जास्त असणार. दोन गट मुलाखतीच्या आधीपासूनच वेगळे होते. दुसऱ्या मुलाखतीबद्दल तर असे आकडेही बाहेर येत नाहीत. येतात ते किस्से, आणि तेही बहुतेक ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचे.

दुसरं रीडिंग कधी घ्यायचं?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कॅलिब्रेशन कर्व्ह काढत होते. सात बिंदूंपैकी एक रेषेबाहेर गेला. मी तेवढाच नमुना पुन्हा घातला, रीडिंग रेषेवर आलं, जुनं खोडलं. गाइडनी वही बघून विचारलं, "बाकीचे सहा पुन्हा का नाही घातलेस? ते बरोबर आहेत हे तुला कुणी सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मोजमाप सुधारलं नव्हतं, मनासारखं करून घेतलं होतं.

दुसरं मोजमाप ही मुळात चांगलीच गोष्ट आहे. एका मुलाखतीची विश्वासार्हता ०.४ धरा. स्पिअरमन-ब्राउन सूत्राने दोन स्वतंत्र मुलाखतींच्या सरासरीची विश्वासार्हता ०.८ भागिले १.४, म्हणजे सुमारे ०.५७ होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी हाच विचार पुढे नेला. एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. ती पद्धत २००४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक देशांत गेली.

पण सूत्रातला 'स्वतंत्र' हा शब्द सोडू नका. मॅकमास्टरच्या पद्धतीत सगळे अर्जदार सगळ्या टेबलांवरून जातात. उशिराच्या दुसऱ्या मुलाखतीत तसं नसतं. ती काहींनाच मिळते, ती कुणाला द्यायची हे पहिलं रीडिंग बघून ठरलेलं असू शकतं, आणि दुसऱ्या मुलाखतकाराला पहिल्याचं मत माहीत आहे का हे आपल्याला कळत नाही. काठावरच्या सगळ्याच अर्जांना दुसरी संधी द्यायची, असा नियम आधी ठरवला असेल तर माझी तक्रार नाही. मर्यादित वेळ तिथेच खर्च करणं शहाणपणाचं आहे. पण समितीतल्या कुणाला एखादा मुलगा आवडला आणि पहिला अहवाल कमी पडला म्हणून दुसरा मागवला, तर ते माझ्या खोडलेल्या रीडिंगसारखंच झालं.

मुलाखत नेमकं काय मोजते?

जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नेथनियल पीटरसन यांचा २०१३ चा एक प्रयोग प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वाचावा. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊन त्यांच्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. नुसते मागचे गुण बघून केलेले अंदाज मुलाखत घेऊन केलेल्या अंदाजांपेक्षा चांगले निघाले. काही मुलाखतींत तर समोरचा माणूस ठरवून, प्रश्नाशी संबंध नसलेल्या एका नियमाने उत्तरं देत होता. तरी मुलाखतकारांना वाटत होतं की आपण माणूस ओळखला.

दुसरं उदाहरण तर उशिराच्या निर्णयाचंच आहे. १९७९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर प्रवेश संपले होते. त्यामुळे मुलाखतीनंतर आधी नाकारलेल्यांमधूनच ५० जण घ्यावे लागले. आधी निवडलेले आणि आधी नाकारलेले यांच्यातल्या फरकाचा मोठा भाग मुलाखतीतल्या मतामुळे होता. पुढे अभ्यासात आणि रुग्णांसोबतच्या कामात दोन गटांत फरक दिसला नाही. १९८७ साली हे 'जामा'मध्ये छापून आलं.

एवढं वाचून मुलाखती बंदच करा म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण हार्वर्डविरुद्धच्या खटल्यातली एक गोष्ट मला थांबवते. २०१८ मध्ये बोस्टनला त्याची सुनावणी झाली आणि दीड लाखाहून जास्त अर्जांची माहिती तपासली गेली. फिर्यादीच्या बाजूने ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो होते, हार्वर्डच्या बाजूने बर्कलीचे डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फिर्यादीचं म्हणणं होतं की प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई-अमेरिकन अर्जदारांच्या व्यक्तिमत्त्वाला साधारण गोऱ्या अर्जदारांइतकेच गुण दिले. कमी गुण दिले ते प्रवेश कार्यालयाने, आणि त्यातल्या बहुतेकांना ते कार्यालय भेटलंही नव्हतं. हे 'व्यक्तिमत्त्वाचे गुण' विश्लेषणात धरायचे की नाही, यावर दोघांचं जमलं नाही आणि तेवढ्या एका निवडीने निष्कर्ष फिरत होता. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशच घटनाबाह्य ठरवले.

यातून मी एवढंच घेते: भेटणारा माणूस चुकतो, पण न भेटता कागदावरून 'स्वभाव' ठरवणाराही चुकतो, आणि त्याची चूक पकडायला भेटणाऱ्याचा अहवाल उपयोगी पडतो. म्हणून मुलाखतीवर माझा राग नाही. राग आहे तो कारण न सांगता आलेल्या दुसऱ्या मुलाखतीवर. "पहिला अहवाल मिळाला नाही" किंवा "काठावरच्या सगळ्यांना आम्ही बोलावतो" एवढं एक वाक्य ईमेलमध्ये लिहायला किती वेळ लागतो? ते नसतं म्हणून सतरा वर्षांचं पोर आणि त्याची आई तीन आठवडे शकुन बघत बसतात, आणि माझ्यासारखी मावशी त्यांना तो सांगते.

तुम्हीही लवकरच पीएचडीच्या मुलाखतींना बसाल. यूजीसीच्या नियमांनुसार बऱ्याच ठिकाणी ७० टक्के भार परीक्षेचा आणि ३० टक्के मुलाखतीचा असतो. पॅनेलने दुसऱ्यांदा बोलावलं, जास्त वेळ बसवलं, चहा विचारला, यातून काही वाचू नका. तयारी करून जा, आणि दुसरीकडचा फॉर्म मुदतीत भरा.

भाच्याला मी नंतर फोन करून सांगितलं की तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. तो म्हणाला, "मावशी, इट्स ओके." शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो का, ते आता आम्ही दोघं मिळून बघतोय.