खुलताबादचीं थडगीं : कथा आणि पोथ्या

खुलताबाद म्हटलें कीं औरंगजेबाची कबर तेवढी आठवते. तो १७०७ सालीं तेथें पुरला गेला खरा. पण शेख झैनुद्दीनाच्या दर्ग्याच्या आवारांत, म्हणजे तीन शतकांहून अधिक काळ नांवाजलेल्या जागेंत. १६२६ त वारलेल्या मलिक अंबराचें थडगेंही तेथेंच आहे. कार्ल अर्न्स्ट यांचा 'इटर्नल गार्डन' (१९९२) हा ग्रंथ त्या आधींच्या काळाकडे वळतो, म्हणून आम्ही तो मोलाचा मानतों.

शेख बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ त वारले. त्यांचीं वचनें शिष्यांनीं फारसींत टिपून ठेविलीं. 'नफाइसुल् अन्फास' व 'अहसनुल् अक्वाल' या पोथ्या त्यांपैकीं होत. अवलिये शस्त्रें घेऊन दक्षिणेंत उतरले, ही रूढ कथा या जुन्या पोथ्यांतून निघत नाहीं. ती मागाहूनची, हें अर्न्स्ट यांचें प्रतिपादन आम्हांस पटतें. ती कथा अभिमानानें सांगणारे आणि रोषानें सांगणारे, दोघेही एकाच उत्तरकालीन आधारावर उभे आहेत.

हीच कसोटी दगडांसही लावावी. औरंगजेबाच्या कबरीभोंवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकांतली आहे. तिच्यावरून १७०७ चें अनुमान काढणें चूक होय.

उणीव एकच. ग्रंथांत उतारे इंग्रजी भाषांतरांत येतात, समग्र फारसी संहिता नाहीं. त्यामुळें ताडून पाहण्याची सोय राहत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या पोथ्यांच्या प्रती असतील त्यांनीं पाठभेदांसह त्या प्रकाशांत आणाव्या. थडग्यांवरील वाद घोषणांनीं मिटणार नाहीं. अस्सल कागद पुढें आल्यानेंच त्याचा निकाल लागेल.