ब्रायन मेचा आवाज काढताना

गिटार वाजवणारी माणसं 'टोन' हा शब्द ज्या भक्तिभावानं उच्चारतात, तसा मराठी शब्द मला सापडलेला नाही. 'आवाज' फार ढोबळ होतो, 'नाद' फार आध्यात्मिक. 'पोत' त्यातल्या त्यात जवळचा. एकच सूर, त्याच तारेवर, त्याच पडद्यावर दोघांनी वाजवला तरी कुठला कुणाचा हे डोळे मिटून सांगता येतं. ते ज्याच्यामुळे सांगता येतं तो टोन. आवडत्या वादकाचा टोन हुबेहूब आपल्या खोलीत उमटवायचा, हा जगभरातल्या असंख्य लोकांचा छंद आहे. तीच गिटार, तोच अ‍ॅम्प, पायाशी त्याच पेडल्सची रांग आणि बटणं त्याच आकड्यांवर. या छंदाची टिंगल करणं सोपं आहे. टिंगलीचं वाक्यही ठरलेलं आहे: टोन बोटांत असतो, बाकी सगळा बाजार.

मला हे वाक्य आवडत नाही. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं शोधायचा आळस त्यात आहे. गेलं वर्षभर मी क्वीनच्या ब्रायन मेचा आवाज काढायच्या मागे आहे. स्वस्तातली गिटार, फोनमधलं अ‍ॅम्पचं अ‍ॅप आणि एक छोटं पेडल, एवढाच माझा संसार. पण या खटाटोपात मी ती गाणी जितकी बारकाईनं ऐकली तितकी आधीच्या दहा वर्षांत ऐकली नव्हती. नक्कल ही ऐकण्याचीच एक रीत आहे, म्हणजे समीक्षेची. फक्त बहुतेक नकला फार लवकर थांबतात.

(क्वीन म्हटलं की आपल्याकडे लगेच पाचगणी निघते. फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. सगळं खरं आहे, पण आज फ्रेडीला सुट्टी.)

पहिली गंमत म्हणजे ब्रायन मेचा टोन मुळात नकलेतूनच आलाय. क्वीन जन्माला यायच्या आधी लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरी गॅलाघरच्या 'टेस्ट' या बँडचा कार्यक्रम व्हायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर तरुण ब्रायन मागे रेंगाळला आणि त्यानं रोरीला सरळ विचारलं, हा आवाज कसा काढतोस? रोरीनं सांगून टाकलं: व्हॉक्स कंपनीचा एसी३० अ‍ॅम्प आणि रेंजमास्टर नावाची एक छोटी डबी. ब्रायननं त्याच वस्तू मिळवल्या. आजवर तो या ऋणाबद्दल मोकळेपणानं बोलत आलाय. पण त्या दोन वस्तूंतून रोरी निघाला नाही, कारण त्यांना जोडलेली गिटार रोरीची नव्हती. ती जगात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

त्या गिटारची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९६३ साली शाळकरी ब्रायन आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर वडील हॅरल्ड यांनी ती घरी बनवायला घेतली, पूर्ण व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडातून कोरलेली. अंगात जुन्या टेबलाचं ओक. तारांचा ताण सांभाळायला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. सूर थरथरवायच्या दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई, मानेवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. हे सगळं सांगताना लोकांचे डोळे पाणावतात आणि इथेच माझं बिनसतं. शेकोटीचं लाकूड ही सुरेख गोष्ट आहे, पण कानाला जो फरक कळतो तो मुख्यतः विजेच्या जोडणीतला आहे. तीन पिकअप, प्रत्येकाला चालू-बंद करायचं वेगळं बटण, प्रत्येकाची फेज उलटवायचं आणखी एक, आणि तिन्ही एकापुढे एक जोडलेले. बाजारातल्या बहुतेक गिटारींत पिकअप शेजारी-शेजारी जोडतात. एकापुढे एक जोडले की आवाज जाड आणि जोरकस होतो. दोघांतल्या एकाची फेज उलटवली की तो एकदम नाकातून बोलायला लागतो. हे सहा खटके म्हणजे ब्रायनची रंगपेटी. शिवाय पिकअपच्या गुंडाळ्या त्यानं अ‍ॅराल्डाइटनं सील केल्या, म्हणजे आवाज वाढवल्यावर त्या शिट्ट्या मारणार नाहीत. अवशेषांची पूजा करणाऱ्यांना लाकूड दिसतं, अ‍ॅराल्डाइट दिसत नाही.

आता ती डबी. रेंजमास्टरसारख्या ट्रेबल बूस्टरमध्ये एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. एसी३० पूर्ण आवाजावर, ज्या चॅनलला टोनची बटणंच नाहीत त्यावर. त्यात तार सरळ जोडली तर खर्जाचा भाग आधी फुटतो आणि सगळ्याचा चिखल होतो. बूस्टर अ‍ॅम्पच्या आधी बसून खर्ज छाटतो आणि वरचे सूर ढकलतो. फुटण्याआधी छाटायचं, ही यातली सगळी अक्कल. फुटल्यानंतर इक्वलायझरनं खर्ज कमी करून तो परिणाम मिळत नाही, मी दोन्ही क्रमांनी करून पाहिलं. आणि एकदा हे बसलं की ब्रायन अ‍ॅम्पला हात लावत नाही. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं की तोच अ‍ॅम्प स्वच्छ, पुढे केलं की गातो. अ‍ॅपमधला 'ब्रायन मे' नावाचा प्रीसेट यातली एकच अवस्था गोठवून देतो. आकडे बरोबर असतात. पण गाण्यात ब्रायनचं ते बटण ओळीगणिक हलत असतं, आणि प्रीसेट विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

'टोन बोटांत असतो' म्हणणाऱ्यांना मी नेहमी नाणं दाखवते. ब्रायन प्लास्टिकच्या पिकनं वाजवत नाही, सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्यानं वाजवतो. प्लास्टिक वाकतं, नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेवर किती जोर पडला हे सगळं बोटांना कळतं. शिवाय नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. नाणं तारेला समांतर धरलं तर सूर मऊ सुटतो, तिरपं धरलं की प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक खरखरीत व्यंजन उमटतं. म्हणजे इथे बोटंही आहेत आणि वस्तूही, आणि त्यांची फारकत करता येत नाही. सिक्सपेन्स आपल्याकडे कुठून मिळणार? पण आपली जुनी पावली आठवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं, तांबं-निकेलचं, कडेला दाते असलेलं पंचवीस पैशाचं नाणं. व्यास १९ मिलिमीटर, सिक्सपेन्सही जवळपास तेवढंच. २०११ साली ते चलनातून गेलं, तरी घराघरांतल्या डब्यांत अजून पडून आहे. गुळगुळीत कडेचं नंतरचं स्टीलचं नाणं घेऊ नका, त्यात मजा नाही. पावलीनं तारा लवकर झिजतात. मात्र ते व्यंजन येतं, माझ्याकडच्या कुठल्याही पेडलपेक्षा खरं येतं.

दुसरं असंच एक प्रकरण आपल्या फार जवळचं आहे. 'व्हाइट क्वीन' हे १९७४ च्या दुसऱ्या अल्बममधलं गाणं ऐका. त्यात एक अकूस्टिक गिटार सतारीसारखी झणझणते. ब्रायननं एका जुन्या गिटारची मूळ घोडी काढून कठीण लाकडाची बसवली, ती छिनून सपाट केली आणि तारांखाली पडद्याच्या तारेचा बारीक तुकडा ठेवला. तार त्यावर अलगद टेकते आणि झणझणते. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांकडे जाऊन हे सांगितलंत तर ते म्हणतील, अहो, ही तर जवारी! घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा उतरता घासायचा, तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची, हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ब्रायनची जवारी मिरजेच्या मानानं धसमुसळी आहे. झणझण सगळीकडे सारखीच, वरच्या स्वरांची उकल होत नाही. पण सतारीचा आवाज हवा म्हणून त्यानं सतार वाजवण्याचं सोंग केलं नाही. तार कुठे आणि कशी टेकल्यानं तो आवाज येतो हे शोधलं आणि छिनी हातात घेतली. बऱ्याच पाश्चात्त्य रॉक गाण्यांत सतार ही अगरबत्तीसारखी लावलेली असते. इथे ती नाही, तिचं तत्त्व आहे. मला हे जास्त आदराचं वाटतं.

ब्रायनच्या नकलाकारांची खरी परीक्षा घेणारी वस्तू मात्र वेगळीच आहे. क्वीनचा बासवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचरापेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्यानं पुस्तकांच्या शेल्फवर मावेल अशा स्पीकरच्या पेटीत बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, आणि सरावापुरता अ‍ॅम्प तयार झाला. त्याला एकही बटण नाही. आवाजाचं नाही, टोनचंही नाही. ब्रायननं बूस्टर लावून त्यात गिटार जोडली तेव्हा ती व्हायोलिनसारखी, क्लॅरिनेटसारखी बोलायला लागली. हाच 'डीकी' अ‍ॅम्प. पुढे त्याची प्रतिकृती करायची ठरली तेव्हा त्या कचऱ्यातल्या बोर्डाचा कुळशोध घेण्यात, तसे जर्मेनियम ट्रान्झिस्टर गोळा करण्यात आणि ट्रान्सफॉर्मर तसाच गुंडाळून घेण्यात काही वर्षं गेली. फुकट मिळालेल्या भंगाराची नक्कल महाग पडली. हसू येतं, पण त्या कारागिरांना मी हसणार नाही. त्यांनी मूळ वस्तू कुणी वाचत नाही इतकी बारकाईनं वाचली.

तरीही तो अ‍ॅम्प घरी आणून 'गुड कंपनी' वाजवायला बसलात तर 'गुड कंपनी' वाजणार नाही. १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा'मधलं हे गाणं. शेवटाकडे एक अख्खा जुना जॅझ बँड वाजायला लागतो: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन. आणि ते सगळं गिटार आहे. क्वीनच्या त्या काळातल्या अल्बमच्या वेष्टनांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं छापलेलं असायचं. ते वाचल्याशिवाय विश्वास बसत नाही. ब्रायननं प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी वाजवली, काही ठिकाणी तर एकेक सूर वेगळा, आणि टेपवर थर चढवत नेले.

हे फक्त चिकाटीचं काम नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. अ‍ॅम्प फुटायला लागला की त्यात शिरलेले दोन सूर एकमेकांत मिसळून नवे सूर काढतात: दोघांची बेरीज आणि दोघांची वजाबाकी. ४४० आणि ५५४ हर्ट्झ हे पियानोच्या जुळणीतले षड्ज आणि शुद्ध गंधार धरा. ते एकत्र फुटलेल्या अ‍ॅम्पमधून गेले की खाली ११४ हर्ट्झचं एक भूत उभं राहतं. आपला षड्ज तिथे ११० ला बसतो, म्हणजे हे भूत बेसूर. म्हणून फुटलेल्या गिटारवर तीन सुरांचा कॉर्ड करकरतो. पण तेच तीन सूर तीन वेळा, एकेकटे वाजवले आणि फुटल्यानंतर टेपवर एकत्र आणले, तर भूत येत नाही. प्रत्येक सूर जाड, आणि तरी सगळे मिळून स्वच्छ. ब्रायनचा गिटारचा वाद्यवृंद याच्यावर उभा आहे. तो टोन कुठल्याही एका क्षणी, कुठल्याही एका अ‍ॅम्पमधून बाहेर आलेलाच नव्हता.

मग पेडलमध्ये यंत्राकडून दुसरा-तिसरा सूर काढून घेतला तर? अशी हार्मोनायझर पेडल्स आहेत आणि मी तेही करून पाहिलं. यंत्र माझ्याच सुराची प्रत सरकवून देतं. मी तार ओढली की तिन्ही सूर त्याच क्षणी, तेवढेच ओढले जातात. शाळेतल्या कवायतीसारखं. मग मी 'किलर क्वीन'च्या धाटणीची एक छोटी ओळ स्वतः तीनदा वाजवली, फोनवर तीन ट्रॅक केले. अ‍ॅपमधला अगदी साधा, बिननावाचा अ‍ॅम्प निवडला. पावली, बूस्टर, एका वेळी एक सूर. पहिल्या दिवशी तिघींचा कंप तीन दिशांना गेला. आठवडाभरानं त्या एकमेकींचं ऐकायला लागल्या. आणि मग तो आवाज आला. थोडा, कडेकडेनं, पण आला. बोटांतल्या फरकामुळे तीन गिटारी एकच होत नाहीत आणि सवयीमुळे त्या वेगळ्याही होत नाहीत. त्या मधल्या जागेत तो टोन असतो.

रंगमंचावर तीन वेळा कसं वाजवणार, हा प्रश्न ब्रायनलाही होताच. त्याचं उत्तर म्हणजे 'ब्रायटन रॉक'मधला लांबलचक एकल भाग. टेपवर चालणारं एकोचं यंत्र त्यानं खोलून आतला टेपचा मार्ग लांबवला, म्हणजे प्रतिध्वनी उशिरा येईल. प्रतिध्वनी वेगळ्या अ‍ॅम्पला जोडले, पुन्हा तेच कारण, सूर एकत्र फुटू नयेत. आणि मग तो स्वतःच्याच मागे टाकलेल्या ओळीवर दुसरी ओळ बसवत जातो. त्या वाजवण्याच्या नकला मी खूप ऐकल्या. प्रतिध्वनीचा वेळ सगळ्यांचा मिलिसेकंदापर्यंत बरोबर. पण बरेच जण प्रतिध्वनी येईपर्यंत थांबत नाहीत. पुढची ओळ पाठ असते ना, ती वाजवून मोकळे होतात. ब्रायन थांबतो, परत आलेला सूर ऐकतो, आणि मग त्याला उत्तर देतो. काही उत्तरं फसलेलीही आहेत.

या लेखातलं काही ऐकायचं असेल तर एवढं करा: 'गुड कंपनी' फोनच्या स्पीकरवर लावू नका. तो छोटा स्पीकर खर्ज खाऊन टाकतो आणि डावं-उजवं एकत्र कालवतो. साधे, वायरचे हेडफोन चालतील. शेवटच्या मिनिटाभरात आधी फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, गाणं परत लावा आणि मग ट्रॉम्बोनच्या.